गाडीला बांधलेली निगेटिव्ह

अन्याय झाला तो रुक्मिणबाईवर आणि तिच्या धाकट्या जावेवर, सुमनवर. कधी, तेही सांगते. २०२०च्या आषाढात. कडक टाळेबंदीनंतर भाजीच्या गाड्यांना तपासणीच्या अटीवर परवानगी मिळाली, त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, भर दुपारी. जागा आमच्या सिडकोतल्या कॉलनीचा गेटच्या आतला कोपरा, कडुलिंबाखालचा. साक्षीला बाल्कन्यांत उभी असलेली अख्खी कॉलनी. पत्रकं लिहून लिहून मला हे वळणच पडलंय, आधी नाव, मग वेळ, मग जागा. एवढं नेमकं सांगितलं नाही तर लोक “तेव्हा सगळ्यांनाच त्रास झाला” म्हणून हात झटकतात. झाला ना. सगळ्यांना झाला. सारखा झाला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता पुन्हा आषाढ चालू आहे. आभाळ सकाळपासून भरून येतं, दिवसभर डोक्यावर वाकून उभं राहतं आणि संध्याकाळी काहीही न देता सरकून जातं. आमच्याकडचं आभाळ असंच. वॉर्डाच्या दवाखान्यापुढं तापाची रांग लागलीय. डेंग्यू की आणखी काय, ते रक्त तपासल्यावर कळेल. रांगेतले लोक एकमेकांना खेटून उभे आहेत, एकमेकांच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये बघताहेत, आणि मागच्या गल्लीतून कुणाच्या तरी घरचा आखाड तळल्याचा वास येतोय. तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या कापण्या. स्पिरिटचा वास आणि तळणाचा वास एकत्र नाकात शिरला की माझं मन सरळ त्या वर्षात जाऊन पडतं. त्याला मधली वर्षं लागतच नाहीत.

त्या वर्षीही कढया चढल्या होत्या. पण कापण्यांचा डबा घेऊन कुणी कुणाच्या दारी गेलं नाही. शहराचं नाव कागदावर अजून औरंगाबाद होतं आणि ते शहर निपचित पडलं होतं. गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे, बांबूंना निळी ताडपत्री. सकाळी दुधाची वेळ संपली की पोलिसांची शिट्टी. मग काहीच नाही. मधेच एखादी रुग्णवाहिका जायची आणि तिचा आवाज दूरवर विरेपर्यंत घराघरांत लोक बोलणं थांबवायचे. कुणाकडं गेली असेल, हा एकच विचार सगळ्या घरांत. रस्त्यावर फवारलेल्या औषधाचा वास पायऱ्या चढून वर यायचा, पोळीलासुद्धा लागायचा.

टाळेबंदी ही डोळे मिटून दार लावण्याची गोष्ट आहे. कोण आजारी, कोण बरं, हे माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच आत घाला. दुसरं काही हातात नसताना ते करावंच लागलं, मी नाकारत नाही. पण पोट हातावर असलेल्या माणसाला घरात बसवणं म्हणजे काय, हे घरात बसून पगार घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून तपासणीचे किट आले, नाक्यांवर आणि पालिकेच्या शाळांमध्ये टेबलं लागली, तेव्हा आम्हाला, म्हणजे आमच्या पाच-सहा पोरापोरींच्या गटाला, खरंच हायसं वाटलं. आता शहराला डोळे फुटणार होते. ज्याला आजार आहे तो बाजूला बसेल, बाकीचे कामाला लागतील. अख्खं शहर बंद ठेवण्यापेक्षा एक दार बंद ठेवणं केव्हाही चांगलं. आम्ही पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, “शहर उघडायचं तर नाक पुढे करा.” ते घेऊन वस्त्यांमध्ये फिरलो.

रुक्मिणबाईची वस्ती आमच्या कॉलनीच्या मागं, नाल्याच्या पलीकडं. मी तिला लहानपणापासून मामी म्हणते. माहेर-सासर दोन्ही कन्नड गावाच्या अलीकडच्या वाड्यांवरचं, घराणं मेंढरांचं. चराई आटली, मेंढरं विकली आणि ती नवऱ्याबरोबर शहरात आली. नवरा लवकर गेला. मग दीर आला, दिराच्या मागं त्याची बायको सुमन आली. दोघी जावांत एकच हातगाडी. पहाटे जाधववाडीच्या मंडईतून माल उचलायचा मामीनं. सकाळची पाळी तिची, दुपारी जेवण उरकून सुमन यायची आणि दिवेलागणीपर्यंत तीच उभी राहायची. कॉलनीतल्या बायका सकाळी घासाघीस करायच्या मामीशी आणि दुपारी विसरलेली कोथिंबीर मागायच्या सुमनकडं. ती गाडी त्या दोघींची होती की त्या दोघी गाडीच्या, हे सांगणं अवघड होतं.

आमचं पत्रक वस्तीत पोचलं तेव्हा मारुतीच्या पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, “पोटाचं इचारत नाय कुणी, नाकच मागतेत. घ्या बाबा.” हसले सगळे. पण त्या हसण्याखाली काय होतं, ते दोन दिवसांत कळलं. लोक तपासणीला घाबरत नव्हते. काडी नाकात घालतात, पाणी येतं डोळ्यांतून, एवढंच, हे त्यांना माहीत होतं. ते घाबरत होते पॉझिटिव्ह या शब्दाला. तो लागला की घराला पट्टी, दाराशी गाडी, पोरं एकीकडं, म्हातारी दुसरीकडं, आणि तेवढ्या दिवसांची चूल कुणी पेटवायची, याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. आमच्या पत्रकातही नव्हतं.

म्हणून मग तयारी. परीक्षेची करावी तशी. आदल्या रात्री मीठ-हळदीच्या गुळण्या, ओव्याची धुरी, आणि सकाळी निघताना नाकपुड्यांत करडईच्या तेलाचं बोट. तेलावरून काडी घसरते आणि तिला काही लागत नाही, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं. शाळेच्या मैदानात रांग लागली तेव्हा त्या तेलाचा वास मास्कमधूनही येत होता. टेबलाशी असलेली मुलगी पांढऱ्या किटमध्ये नखशिखांत गुंडाळलेली, चष्म्याच्या आत घाम साचलेला. किट काढावं लागेल म्हणून ती दिवसभर पाणीही पीत नव्हती. एकेकाचं तेलकट नाक बघून ती थकल्या आवाजात म्हणाली, “मावशी, हे नाक आहे, दिवा नाही.” रांगेत खसखस पिकली. मामीही हसली. पुढं झाली, डोकं मागं टाकलं, डोळे घट्ट मिटले. सुई टोचताना मेंढरू धरतात तसं तिनं स्वतःचंच मनगट धरलं होतं.

निगेटिव्ह आली. एक छोटं कार्ड मिळालं, त्यावर तिचं नाव, शिक्का, सही. त्या दिवशी मामीच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सरकारनं तिला पहिल्यांदाच काहीतरी बरं लिहून दिलं होतं. तिनं ते कार्ड रेशनकार्डाच्या जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वरून सुतळी आवळली आणि गाडीच्या पुढच्या दांडीला बांधलं, लिंबू-मिरचीच्या शेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

चूक झाली ती इथंच, आणि ती कुणाची, याचाच माझा वाद आहे.

त्या दोघी जावांनी आजवर सरकारचा जो काही कागद पाहिला होता, तो गाडीचा होता. बाजारात पावती फाडतात ती गाडीची. उभं कोण आहे ते कुणी विचारत नाही. अतिक्रमणाचं पथक येतं ते गाडी उचलतं, माणूस नाही. त्याच्याही आधी वाडीवर जनावरांचा डॉक्टर यायचा तो कळपाला टोचायचा आणि कळपाचं म्हणून लिहून द्यायचा. मग तपासणीचं कार्डसुद्धा गाडीचंच असणार. एक गाडी, एक कार्ड. तपासणीच्या टेबलावर मामीला नाव विचारलं, वय विचारलं, मोबाइल नंबर विचारला. “या गाडीवर अजून कोण उभं राहतं?” हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर ती हात धरून सुमनला घेऊन आली असती. तिला लपवायचं काहीच नव्हतं. लपवणारा माणूस कार्ड दांडीला टांगत नाही.

गाड्या सुरू झाल्या. काय दिवस होता तो! कित्येक दिवसांनी गल्लीत “भेंडीये, गवारये, कटुर्लीये” अशी हाक आली आणि लोक बाल्कनीत धावले, लग्नाची वरात आल्यासारखे. दोरीला पिशव्या बांधून खाली सोडल्या. ओल्या मेथीचा वास, कणसांची हिरवी सालं, वजनकाट्याचा खणखणाट. बंद शहर उघडतं म्हणजे काय होतं, ते मला त्या काट्याच्या आवाजानं सांगितलं. आमच्या आईनं कटुर्ली, पावसाळ्यातली ती काटेरी रानभाजी, हातात घेऊन नुसतीच थोडा वेळ बघितली. तपासणीनं हे दिलं. हे मी कधीही नाकारणार नाही.

आणि मग तो शनिवार. दुपारी सुमनची पाळी. तिचं अंग सकाळपासून कसनुसं होत होतं, पण अशा दिवसात अंग दुखत नाही असा कोण होता? पालिकेचं तपासणीचं पथक आलं. जीपमधून साहेब उतरले, त्यांनी दांडीवरचं कार्ड वाचलं.

“रुक्मिणबाई तूच का?”

“नाय साहेब, म्या सुमन. ती जाऊ माझी. घरी हाय.”

“मग हे कार्ड तुझ्याजवळ कसं?”

“माझ्याजवळ कुठंय साहेब. गाडीला हाय.”

वरून कुणीतरी हसलं. मग दुसरं हसलं. ते हसणं मला अजून ऐकू येतं. सुमन खरं तेच बोलत होती आणि चार मजले तिच्यावर हसत होते. पथकाबरोबर तपासणीचं किट होतं. तिथंच फुटपाथवर, सगळ्यांच्या देखत, तिला डबा उपडा घालून बसवलं आणि नाकात काडी घातली. थोड्या वेळानं दोन रेघा उमटल्या. एवढा वेळ हसणारी माणसं एकदम आत गेली. खिडक्या लागल्याचे आवाज आले, एकामागून एक. मग एका खिडकीतून मोबाइल बाहेर आला आणि पाठोपाठ आवाज, “हेच लोक पसरवतात. खोटं कार्ड लावून धंदा करतात.”

सुमनला रुग्णवाहिकेत चढवलं. गाडी टेम्पोत टाकली, कटुर्ली गटारीत गेली. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अख्ख्या सिडकोत फिरला. त्यात सुमनचा चेहरा स्पष्ट दिसतो. पथकाचा दिसत नाही, आमच्या खिडक्यांचा तर नाहीच.

आता मला सांगा. तपासलं कुणाला? विकणाऱ्याला. घेणाऱ्याला कुणी तपासलं? दोन्हीकडचे हात त्याच भेंडीला लागत होते, त्याच पिशवीला, त्याच सुट्ट्या पैशांना. विषाणूला कुणी शिकवलं होतं की गाडीच्या अलीकडं उभं राहायचं आणि पलीकडं जायचं नाही? सुमनला तो कुणाकडून आला, ते कळायला मार्ग नाही. ती रोज दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आमच्यातच तर उभी असायची.

आमच्या चेअरमन काकांना आठवडाभर खोकला होता. ते तपासायला गेले नाहीत. साधा आहे म्हणाले. शेवटी धाप लागली तेव्हा मुलानं प्रयोगशाळेचा माणूस घरीच बोलावला. पॉझिटिव्ह आले. मी त्यांच्यावर राग धरत नाही. साठी उलटलेला माणूस, बायको दम्याची, घाबरला असणार. कॉलनीनं त्यांच्यासाठी पाळी लावून डबे पाठवले, रोज ग्रुपवर चौकशी, बरे झाले तेव्हा गॅलरीतून टाळ्या. छान केलं. माणसानं आजारी माणसाशी असंच वागायला हवं. माझी आईसुद्धा दोनदा डबा ठेवून आली त्यांच्या दाराशी. माझा प्रश्न एवढाच आहे की तीच कॉलनी, तोच आठवडा, तोच आजार. सुमनच्या वाट्याला व्हिडिओ का आला आणि काकांच्या वाट्याला वरणभात का?

मोठ्या प्रमाणात तपासणी केल्यानं शहर उघडतं, हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. पण काडीला काही कळत नाही. ती दोन रेघा दाखवते आणि गप्प बसते. पुढचं माणसांनी करायचं असतं. पॉझिटिव्ह निघालेल्याला जिथं डबा मिळतो, तिथं लोक आपणहून रांगेत येतात. जिथं धिंडवडे निघतात, तिथं नाकात तेल घालून येतात, नाहीतर येतच नाहीत. सुमनचा व्हिडिओ फिरल्यावर नाल्यापलीकडच्या वस्तीत तपासणीला कोण आलं? आमची पत्रकं आम्ही तशीच परत आणली.

सुमन बरी झाली. केंद्रावर जेवण बरं होतं म्हणाली, खाट होती, पंखा होता, नर्स चांगल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी आयता चहा दिला. आम्ही चकरा मारमारून गाडी सोडवून आणली, एक चाक वाकलेलं. मामीची पुन्हा तपासणी झाली, निगेटिव्ह. सुमनची झाली, निगेटिव्ह. कॉलनीच्या गेटवर मामी दोन्ही कागद घेऊन उभी राहिली. या वेळी गळ्यात अडकवून, दांडीला नाही. वॉचमन ओळखीचा, रोज तिच्याकडून मिरच्या नेणारा. तो मान खाली घालून म्हणाला, “मामी, मेरे हाथ में कुछ नहीं है. ऊपर से मना है.” शहर उघडलं होतं. दुकानं उघडली, बस सुरू झाल्या, पुढं लग्नंही झाली वाजतगाजत. हे एक गेट उघडलं नाही.

परवा मी मामीला भेटायला गेले. जळगाव रोडच्या कडेला, सर्व्हिस रोडवर, जिथं सावलीचा पत्ता नाही अशा ठिकाणी ती गाडी लावते आता. धुळीनं मेथी माखते, ती सारखी पाणी शिंपडत बसते. आम्ही कणसं खाल्ली. दवाखान्यातली तापाची रांग, डेंग्यू, असं काहीबाही बोलत होतो. बोलता बोलता ती मरीआईच्या गाड्याचं सांगू लागली. वाडीवर पटकी-बिटकी आली की आषाढात मरीआईचा छोटा गाडा सजवायचा आणि वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो त्याच्या शिवेवर न्यायचा.

“अन् त्याच्या पुढच्या गावानं?” मी विचारलं.

“त्यानं त्याच्या पुढं. आपल्या शिवेतून गेला म्हंजी झालं.”

“अन् शेवटच्या गावाचं काय?”

मामीनं कणसाचे दाणे सोलत माझ्याकडं बघितलं. “शेवटचं गाव कुठं आसतंय पोरी? फिरून येतोयच की.” आणि हसली. दात पडलेत तिचे दोन, तरी ते हसणं तसंच आहे.

मला हसू आलं नाही. आम्हीही तेच केलं होतं. आजार गाडीवर लादला आणि गाडी शिवेबाहेर ढकलली. वाडीवरचे लोक निदान त्या गाड्याची पूजा करून, त्याला नैवेद्य दाखवून पाठवत होते.

मी सुमनचं विचारलं. ती तेव्हाच वाडीवर गेली ती आलीच नाही. दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचते, निंदायला जाते. बाजाराच्या दिवशी कन्नडला यायचं म्हटलं तरी नको म्हणते. कुणी मोबाइल वर केला की पदर तोंडावर घेते. तो व्हिडिओ सगळ्यांनी कधीच पुसून टाकला असेल. तिच्या डोळ्यांपुढून तो पुसला गेलेला नाही. दीरही तिच्यामागं गेला. मामी एकटीच दोन्ही पाळ्या करते. पहाटे मंडई, मग उन्हात दिवेलागणीपर्यंत. गुडघ्यांना पट्टे बांधते.

“कोपरा मिळाला आसता तर सुमनला बोलावून घेतलं आसतं,” ती म्हणाली. “तिथं सावली व्हती. बाया वळखीच्या व्हत्या. ती आली आसती माझ्यासंग, हात धरून आणली आसती. आता ह्या रस्त्यावर कुठं आणू तिला? रोज हजार माणूस बघतंय.” मग लगेच, माझं तोंड बघून, “जाऊ दे. तू कशाला वाईट वाटून घेती? मेथी घेऊन जा.”

मी कशाला वाईट वाटून घेऊ? मी रागावलेय. काल संध्याकाळी मी आमच्या गेटपाशी उभी राहून बघितलं. डिलिव्हरीची पोरं एकामागून एक आत जात होती. पिझ्झा गेला, किराणा गेला, पार्लरवाली गेली, कुत्र्याला फिरवणारा गेला. तापाची साथ चालू असताना वॉचमननं कुणालाही काही विचारलं नाही, आणि विचारूही नये. त्याच गेटच्या खांबावर पत्र्याचा फलक आहे, “फेरीवाल्यांना प्रवेश नाही.” सुमनला नेलं त्याच आठवड्यात तो लावला. तेव्हा ग्रुपवर लिहिलं होतं, साथ असेपर्यंत. साथ गेली. मास्क गेले, पट्ट्या गेल्या, सॅनिटायझरच्या बाटल्यांत लोकांनी मनीप्लँट लावले. फलक राहिला. मी चेअरमन काकांना विचारलं तर ते खरोखर गोंधळले. म्हणाले, “अगं, तो अजून आहे का? लक्षातच नाही आलं.” मला वाटतं ते खरं बोलत होते. विसरणं त्यांना परवडतं. मामीला नाही.

फक्त आमच्या गेटवर नाही. या शहरात फिरा, नजर वर करून बघा. कित्येक कॉलन्यांच्या खांबांवर तेव्हाचे फलक गंजत लोंबताहेत, आणि प्रत्येकाच्या मागं एखादी मामी सर्व्हिस रोडच्या उन्हात उभी आहे. तपासणी केली, निगेटिव्ह आली, पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह आली. तिनं आपलं काम पूर्ण केलं. तुमचं राहिलं आहे.

तेव्हा आता हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते, विनंती नाही करत. या रविवारी तुमच्या सोसायटीची बैठक बोलवा किंवा बोलवू नका, ते तुमचं तुम्ही बघा. पण घरातला पाना घ्या, स्टूल घ्या, गेटवर जा आणि तो फलक काढा. मग ज्या बाईला तिथून घालवलं तिचा पत्ता शोधा, तिच्याकडं स्वतः चालत जा, आणि तिला नावानं हाक मारून सांगा, उद्यापासून ये, जावेलाही घेऊन ये.